माझी बास मीच निवडणार!

बास गिटार कशी निवडायची, हे मला कुणी शिकवू नये! एकोणीस वर्षं मी स्वयंपाकघरात भावाच्या जुन्या बासवर टँगो वाजवलेत. अंगठ्यानं, हळुवार, धुम्... धुम्... मग भाऊ नॉर्वेला गेला, बासही घेऊन गेला. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावच्या बँडचा बासवाला त्याच्या लेकीकडे कायमचा स्पेनला पळाला!

बँडचा म्होरक्या ताउनो अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. वाजवत नसतो तेव्हाही त्याचा चेहरा मिटलेल्या अ‍ॅकॉर्डियनसारखाच असतो. तो म्हणाला, "हिल्का, रविवारी दुपारी तळ्याकाठच्या मंडपात नाच आहे. वाजवून दाखव. जमलं तर जागा तुझी. नाहीतर लाह्ती शहरातला एक बासवाला तयारच आहे."

गुरुवारी मी ताम्पेरे शहरात, गिटारच्या दुकानात हजर! दुकानदार यार्मो, पन्नाशीचा. दाढीची चक्क वेणी घातलेली!

"बोटांनी वाजवता की नखीनं?"

"अंगठ्यानं."

त्यानं एक छोटी, हलकी बास पुढं केली. "आखूड मानेची आहे. तुमच्या हाताला हीच बरी. ती भिंतीवरची नका बघू, ती तुम्हाला झेपायची नाही."

झालं! झेपायची नाही? चोवीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या बाईला? मी भिंतीकडे बघितलं. काळीकुट्ट, पाच तारांची, बैलासारखी दोन शिंगं, आणि मान एवढी लांब की टोक शेजारच्या दुकानात असावं!

"मला तीच हवी."

"अहो बाई, ती हेवी मेटलवाल्यांची आहे!"

"मग मी काय लाकडाची आहे?"

यार्मो पुढं बरंच काही सांगत होता. आत बॅटरी असते, वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते, असं काहीसं. मी आरशात बघण्यात गुंग होते.

घरी नवरा, एस्को, म्हणाला, "हे काय? होडीचं वल्हं?"

त्याला धडा शिकवायला मी ती बास बैठकीच्या खोलीत उभी केली. वायर लावून, तय्यार! तीन दिवस तशीच.

रविवारी मंडप गच्च भरलेला. मी पट्टा गळ्यात घातला, हात सोडला आणि बासची मान धाडकन खाली! डाव्या हातानं वर धरली तर राहते, तार दाबायला हात सरकवला की पुन्हा खाली. मग मी मानच धरून ठेवली आणि मोकळ्या तारांवरच पहिला टँगो ओढला. ताउनो दात खाऊन म्हणाला, "सूर बदल!" मी बदलायला गेले. बासचं टोक त्याच्या चष्म्यावर! चष्मा जमिनीवर, एक काच दोन ठिकाणी तडकलेली.

त्यात बासचा आवाज फर्रर्र करू लागला आणि बंदच पडला. मी दिसेल ती कळ शेवटापर्यंत पिळली. ढिम्म!

"बॅटरी गेली!" एस्को ओरडला आणि कॉफीच्या काउंटरकडे धावला. तिथं छताला धुराची सूचना देणारी डबी होती, आत तसलीच चौकोनी बॅटरी. तो खुर्चीवर चढला आणि उघडायच्या ऐवजी भलतंच बटण दाबून बसला. डबी किंचाळली! कॉफीवाली औने त्याहून जोरात किंचाळली, "आग! आग!" सगळा मंडप बाहेर, गाड्यांच्या मैदानात!

एस्को धापा टाकत आला आणि बॅटरी बासमध्ये बसवली. कळा सगळ्या शेवटापर्यंत पिळलेल्या आहेत हे कुणाच्या लक्षात? मी एक तार छेडली.

धडाम्म!

औनेचे कप फळीवरून उड्या मारू लागले. आग नाही म्हणून परत येत असलेले चारजण पुन्हा पळाले!

ताउनोनं डोळे मिटले. मी म्हटलं, जागा तर गेलीच. मग लाह्तीच्या माणसाला निदान ऐकू तरी जाऊ दे! मी खुर्ची ओढली, ठाण मांडलं, बासची मान मंडपाच्या कठड्यावर टेकवली. अरे! दोन्ही हात मोकळे! आणि अंगठ्यानं टँगो सुरू केला. हळुवारच, पण तळ्याच्या पलीकडे जाईल एवढा हळुवार!

मैदानात अ‍ॅकॉर्डियन पोचतच नव्हता. माझी बास मात्र पोचत होती. आधी एक जोडपं खडीवर नाचू लागलं, मग दहा, मग सगळेच! ताउनोनं चष्म्याच्या धड उरलेल्या काचेतून ते बघितलं आणि मुकाट्यानं साथ धरली. अडीच तास कुणी आत यायला तयार नाही!

शेवटी ताउनो म्हणाला, "जागा तुझी, हिल्का. फक्त ही बास बदल."

"बास हीच राहील! पाहिजे तर माणूस बदला!"

त्याचा चेहरा आणखी दोन घड्या मिटला. "बरं बाई. खुर्ची घेऊन येत जा."

जिंकले! मी ऐटीत उठायला गेले. कसली उठतेय! कंबर जागच्या जागी आखडलेली. एस्कोनं एका हातानं बास उचलून खांद्यावर टाकली. मला उचलायला ताउनो, बँडचा ड्रमवाला आणि औने, असे तिघं लागले.

"अगं, बास तर हलकीच आहे की!" एस्को पुढून म्हणाला.