ज्ञात कारणांपेक्षा जास्त आनंद

बारामती आणि इंदापूरच्या शिवेवरच्या एका पाटबंधारे शाखेत गेणू पाटकरी ड्यूटीवर हसतो, अशी लेखी तक्रार आली. तक्रार निनावी होती, त्यामुळे तिची तातडीनं दखल घेण्यात आली.

पाटाची दारं उघडून शेतांना पाळीचं पाणी सोडायचं, हे गेणूचं काम. चोवीस वर्षं तो पाण्याच्या पुढंपुढं चालत जायचा आणि पाणी टोकाच्या वावरात शिरलं की एकटाच खुळ्यासारखा हसायचा. शाखाधिकारी अविराजसाहेबांना हे पचेना. एवढ्या पगारात माणूस खूश म्हणजे वरकमाई असणारच, हे त्यांनी अनुभवावरून ओळखलं. त्यांनी धाडलेल्या पथकानं गेणूच्या घराची झडती घेतली, तर निघाल्या दोन शेळ्या. प्रकरण आता फारच गंभीर झालं, कारण माणूस फुकट खूश होता.

लगेच नोटीस निघाली. ‘ज्ञात कारणांपेक्षा जास्त आनंद बाळगल्याबद्दल आपणांस सेवेतून कमी का करू नये?’ पाटावर जायचं नाही तर सकाळी उठायचं कशाला, हे गेणूला कळेना.

चौकशीला पुण्याहून राजेश्वरीमॅडम आल्या.

"काम कशासाठी करता?"

"पाणी सोडायला, म्याडम."

"ते काम झालं. प्रेरणा विचारतेय मी. पगार, पेन्शन, बढती, की घरी करमत नाही? एकावर खूण करा."

"टोकाला पाणी पोचलं की तितल्या वावराची चतुराबाई वरडती, ‘आलं गं बया!’ त्ये ऐकाया जातो."

"हा पर्याय छापलेला नाही."

साहेबांना राहवेना. "अरं, पेन्शन म्हण की येड्या! आमी समद्यांनी तेच लिवलंय."

"म्हणलं आसतं सायेब. पर पेन्शन घ्यायची म्हंजी पाट सोडावा लागतुया."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि गेणूला बारामतीच्या तीन दिवसांच्या कार्यप्रेरणा शिबिराला धाडलं. तिथं व्याख्यात्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मित्रांनो, आपल्या कामात आनंद शोधा!" बाकीचे चाळीस कर्मचारी डुलक्या घेत होते. गेणूनं हात वर केला. "सापडलाय जी. जाऊ का? पाळी चालू हाय." तीन दिवसांचं शिबिर दोन मिनिटांत आटोपलं आणि नाश्ता तेवढा शिल्लक राहिला. ‘शासकीय उपक्रम निरर्थक ठरवला’ हा दुसरा ठपका गेणूवर बसला.

आता नोकरी वाचवायला मॅडमनी एकच वाट ठेवली. आपल्या कामात मनापासून रमणाऱ्या दोघांनी ‘असा आनंद होऊ शकतो’ असं शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं. मोरगावच्या म्हस्कू मेंढक्यानं हसत अंगठा उठवला. दुसऱ्या सहीसाठी गेणूनं दोन्ही तालुके पालथे घातले. मास्तर म्हणाले, "सुट्टी लागू दे, मग आनंदानं करतो." कंडक्टर म्हणाला, "रिटायर झालो की ये." बँकेतल्या साहेबांनी नुसतंच डोळ्याला रुमाल लावला.

आज शुक्रवार. दुसऱ्या सहीची जागा अजून कोरी आहे आणि गेणूच्या डोळ्याला डोळा नाही. वाचकहो, तुम्ही करता का सही? पेन काढलंत? शाब्बास! फक्त एक सांगा, ही गोष्ट तुम्ही आत्ता कुठं बसून वाचताय?

ऑफिसात? मग राहू द्या.