खारवाडीसाठी राखलेली जागा

वेळशेतच्या मोबाइल टॉवरने आपल्या गप्प बसण्याच्या पद्धतीवर पेटंट मागितलं आणि तो अर्ज पाळीप्रमाणे परीक्षक अरुंधती म्हसकरांच्या टेबलावर आला. फी भरलेली होती, आकृत्या नीट काढलेल्या होत्या, कुठे खाडाखोड नव्हती. बिनतारी यंत्रणांचे अर्ज तपासता तपासता अरुंधतीबाईंचे केस पांढरे झाले होते, पण सहीच्या जागी नुसता एक ठोका असलेला अर्ज त्या पहिल्यांदाच बघत होत्या. सहीऐवजी ठोका चालतो की नाही याबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. तेव्हा चालतो असं धरून त्या पुढे वाचू लागल्या.

गोष्ट साधी होती. प्रत्येक टॉवर ठरावीक वेळाने एक इशारा सोडत असतो. तो ऐकून आसपासचे फोन आपली घड्याळं जुळवतात आणि मगच बोलणं सुरू होतं. पण टॉवरलाही आपलं घड्याळ कुणाशी तरी जुळवावं लागतं, नाहीतर शेजारी शेजारी उभे असलेले दोन टॉवर लग्नघरातल्या व्याह्यांसारखे एकाच वेळी बोलत सुटतात. वेळशेतचा टॉवर आपलं घड्याळ खाडीपलीकडच्या खारवाडीच्या टॉवरशी जुळवायचा. मधूनमधून तो आपला एक इशारा गाळायचा, त्या जागेत गप्प बसायचा, खारवाडीचा इशारा ऐकायचा आणि पुढे चालू पडायचा. खारवाडीचं यंत्र जुनं होतं. त्याचा इशारा जरा रेंगाळतच यायचा, म्हणून वेळशेतने ती जागा थोडी सैल ठेवली होती.

पुढे घड्याळं उपग्रहावरून जुळू लागली आणि कंपनीने खारवाडीचा टॉवर उतरवला. वेळशेतचा मात्र अजूनही त्या जागेपाशी आला की गप्प बसायचा. त्या रिकाम्या जागेत आणखी गिऱ्हाइकांचं बोलणं बसेल, असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि पावसाळ्याआधी ती जागा बुजवायचं ठरलंही होतं. पेटंट मिळालं, तर मात्र टॉवरच्या पद्धतीला कुणालाही हात लावता येणार नव्हता. म्हणून हा अर्ज होता.

अर्जात हक्क मागितला होता तो असा: "शेजारच्या टॉवरचा इशारा येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, त्या इशाऱ्यापुरती जागा आपल्या इशाऱ्यांमध्ये रिकामी ठेवण्याची पद्धत." अरुंधतीबाईंनी हे वाक्य वाचलं, मग उठून खिडकी लावून घेतली आणि पुन्हा वाचलं. बाहेर काही आवाज नव्हता. त्यांना उगाचच लावावीशी वाटली.

कंपनीने अर्थातच विरोध नोंदवला, आणि सुनावणी लागली. टॉवर आपल्याच रेंजवरून ऑनलाइन हजर राहिला तर निष्पक्षपणाला बाध येईल, असा कंपनीचे वकील नाबर यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. त्यामुळे टॉवर ट्रेलरवर आडवा पडून स्वतः आला. फाटकावरच्या रखवालदाराने त्याचं नाव, गाव आणि कुणाला भेटायचं ते लिहून घेतलं. लिफ्टमध्ये तो मावेना, तेव्हा त्याला आवारात सायकल स्टँडशेजारी उभं केलं आणि खुर्च्या-टेबलं गच्चीवर नेली. कठड्यावरून त्याचा माथा तेवढा दिसत होता. त्याच्यासोबत वेळशेतच्या सावित्री घाडी आल्या होत्या. आठवड्याच्या बाजाराआधी टॉवर परत न्यायची जबाबदारी गावाने त्यांच्यावर टाकली होती, आणि त्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून आल्याने त्यांची कंबर धरली होती.

"अर्जदार बसू शकतात," अरुंधतीबाई सवयीने म्हणाल्या. टॉवर उभाच राहिला.

त्याचा आवाज गच्चीवरच्या सगळ्या फोनमधून एकदमच येत होता, म्हणून एकच फोन चालू ठेवून तो टेबलाच्या मध्यभागी ठेवण्यात आला.

अरुंधतीबाईंच्या बोलण्याची एक ढब होती. त्या एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, आणि मग पुढचं बोलायच्या. कार्यालयात याला त्यांचा अधिकारीपणा समजत. नव्याने लागलेले कारकून तर घरी जाऊन तसं बोलून बघत. आजही त्यांनी त्याच ढबीने दोन्ही बाजूंना नियम समजावून सांगितले आणि नाबरांना सुरुवात करायला सांगितलं.

नाबर सभ्य गृहस्थ होते. ते टॉवरकडे मान वर करून म्हणाले, "आपण ही जागा रिकामी ठेवता. खारवाडी गेल्यापासून तिच्यात काय आलं?"

"काही नाही," टॉवर म्हणाला.

"येईल अशी आशा?"

"नाही. त्याला उतरवताना मी समोरच होतो. आधी वरचे अँटेना काढले, मग सांगाडा. खाडीच्या रस्त्याने नेलं. वळणापर्यंत मला दिसत होतं."

"मग थांबता कशाला?"

"ती जागा त्याची आहे. तिथे मी बोललो, तर तो कधी नव्हताच असं होईल. मला त्याची आठवण येते, वकीलसाहेब. दुसरं कारण नाही."

नाबरांनी खाली बघितलं. पण ते कंपनीचे वकील होते. "आठवण येणं हा उपयोग नव्हे," ते अरुंधतीबाईंना म्हणाले. "ज्याचा काही उपयोग नाही त्याला पेटंट देता येत नाही."

तेव्हा सावित्रीबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. "उपेग नाय कसो? माझो झील मस्कताक आसा. रोज फोन करता नि रोज भांडता. जमीन इक, हय ये, तिकडे तुजा कोण आसा. मी पण सोडतंय काय? मगे मदीच आमचो टावर गप होता. तो गप झालो की आमी दोगांय गप. आणि परत आवाज इलो की पोरगो इचारता, गे आये, जेवलंस काय?" त्या खाली बसल्या. "ह्यो टावर गप रवाचो बंद झालो, तर आमचा भांडण थांबवतलो कोण?"

उपयोग सिद्ध झाला, अशी अरुंधतीबाईंनी नोंद केली. नाबरांनी ती मान्य केली आणि पाण्याचा घोट घेतला. आता त्यांच्याकडे एकच मुद्दा उरला होता, आणि तो काढणं त्यांच्या जिवावर आलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"शोध नवा असावा लागतो," ते म्हणाले. "तो आधीपासून कुठेही उघडपणे वापरात असेल, तर अर्ज फेटाळला जातो. मॅडम, क्षमा करा. पण हा शोध आधीपासून वापरात आहे. आपणच वापरता."

नाबरांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"सकाळपासून मी ऐकतोय. प्रत्येक वाक्यानंतर आपण थांबता. आमच्यासाठी नाही, आम्ही उत्तर दिलं तरी आपण त्यानंतर पुन्हा थांबता. आपण कुणासाठी तरी जागा ठेवता. आणि हे कार्यालयात, चारचौघांत, वर्षानुवर्षं चाललंय."

हे खरं होतं. दिगंबरराव म्हसकर फार सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांना काहीही विचारलं, अगदी पंखा लावू का असं विचारलं, तरी ते आधी घसा खाकरायचे, मग चष्मा काढायचे, तो सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, आणि मग उत्तर द्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अरुंधतीबाई चिडायच्या. दुसऱ्या वर्षी त्या थांबायला शिकल्या. नंतर तर इतक्या शिकल्या, की माहेरी गेल्या तरी वाक्यापुढे तेवढी जागा सोडायच्या, आणि बहिणी म्हणायच्या, बोल की गं पुढे. दिगंबरराव गेले. जागा तशीच राहिली.

परीक्षकानेच शोध आधी वापरला असेल, तर तसं लिहून अर्ज फेटाळणं हे त्याचं कर्तव्य असतं. अरुंधतीबाईंनी आजवर एकाही अहवालात खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कठड्यापलीकडे दिसणाऱ्या टॉवरच्या माथ्याकडे बघितलं. पावसाळ्याआधी कंपनीची माणसं येतील, जागा बुजवतील, आणि हा उभा राहील तिथेच, अखंड बोलत.

"अर्जदाराला काही विचारायचं आहे?" त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

"एकच," टॉवर म्हणाला. "माझ्या पद्धतीत उत्तर येणार नाही हे पक्कं ठाऊक असावं लागतं. आपल्याला ते ठाऊक आहे का?"

अरुंधतीबाईंनी पेन खाली ठेवलं. हो म्हणणं सोपं होतं. दिवस-कार्य झालं होतं, दाखला कपाटात होता, पेन्शन सुरू होती. आल्यागेल्याला त्या स्वतःच सांगायच्या, आमचे हे गेले. पण कुणी त्यांना हे असं, नेमक्या शब्दांत, विचारलेलं नव्हतं.

त्यांना ती संध्याकाळ आठवली. त्यांनी दिगंबररावांना काहीतरी विचारलं होतं. दिगंबररावांनी घसा खाकरला. चष्मा काढला. तेवढ्यात कुकरची शिटी झाली म्हणून त्या गॅस बंद करायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ते तसेच बसले होते, चष्मा हातात, सदऱ्याचं टोक काचेवर.

"ठाऊक नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या.

नाबर अवघडले. "मॅडम, आपले यजमान तर…"

"गेले. ते मला माहीत आहे. पण मी विचारलं तेव्हा होते. आणि त्यांनी घसा खाकरला होता." त्या थांबल्या. "घसा खाकरल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही असं आमच्या संसारात एकदाही झालेलं नाही. उत्तर निघालेलं आहे, नाबर. ते फार सावकाश बोलायचे."

"पण इतकी वर्षं…"

"उशीर झालाय असं मला अजून वाटलेलं नाही."

हे बोलेपर्यंत ते खरं आहे हे त्यांनाही कळलेलं नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी दिगंबरराव इतके हवेसे वाटले, की त्यांनी टेबलाची कड धरली.

"प्रश्न काय होता, नोंदीपुरतं?" नाबरांनी हळूच विचारलं.

"घरगुती होता. नोंदीत नको."

नाबरांनी आग्रह धरला नाही. कायदा स्पष्ट होता. अर्जदार उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना थांबतो, परीक्षक उत्तर येईल या अपेक्षेने थांबतात. दोन्ही पद्धती बाहेरून सारख्या दिसत असल्या, तरी मुळात वेगळ्या आहेत. अरुंधतीबाईंनी हे स्वच्छ अक्षरात लिहिलं, स्वतःचं विधान सरकारी नोंदीत घातलं आणि पेटंट मंजूर करावं असा शेरा मारून सही केली.

"एक लक्षात आणून देतो," नाबर कागद आवरत म्हणाले. "पेटंट झालं म्हणजे आता पक्कं ठाऊक असूनही ज्याला थांबायचं असेल, त्याला अर्जदाराची परवानगी लागेल. कुणालाही."

सावित्रीबाई दचकल्या. "मगे आमी काय करूचा? माझो घोव जावन किती वर्सां झाली. मी अजून दार लावच्या आधी वायच थांबतंय."

"माझ्या रेंजमधल्या सगळ्यांना मोकळीक आहे," टॉवर म्हणाला. ते ऐकून सावित्रीबाईंनी कंबरेवरचा हात काढला. मग टॉवर जरा थांबला. ती त्याची नेहमीची जागा होती, म्हणून सगळेच थांबले. "म्हसकरबाई, आपण माझ्या रेंजबाहेर राहता. उद्या आपल्याला ठाऊक झालं तर अडचण नको. परवानगी आत्ताच लिहून देतो."

अरुंधतीबाईंना मोह झाला. कधीतरी, एखाद्या दुपारी, ठाऊक होईलही. तेव्हा हातात काहीतरी असलेलं बरं.

"नको," त्या म्हणाल्या. "घेऊन ठेवली, तर लागणार आहे असं होईल."

टॉवरला ट्रेलरवर आडवं केलं, लाल फडकं बांधलं, सावित्रीबाई केबिनमध्ये चढल्या, आणि रखवालदाराने बाहेर पडल्याची वेळ लिहून घेतली. ट्रेलर कोपऱ्यावर वळेपर्यंत अरुंधतीबाई कठड्याशी उभ्या होत्या.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या. इतकी वर्षं त्या रोज संध्याकाळी आपल्याच मनाने ठरवून टाकायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. आता ते बरं दिसणार नव्हतं. उत्तर यायचं आहे असं त्यांनी सरकारी कागदावर लिहून दिलं होतं, आणि ते यायच्या आत परस्पर ठरवणं म्हणजे दिगंबररावांचं बोलणं मधेच तोडण्यासारखं होतं.

उद्या डब्याला मटकी करू की चवळी, असं त्यांनी त्या संध्याकाळी विचारलं होतं.

त्यांनी फळीवरून दोन्ही डबे काढले. एका पातेल्यात मटकी भिजत घातली, दुसऱ्यात चवळी, आणि दोन्हींवर ताटल्या झाकल्या.