तेल्हाऱ्याची बाई, पुण्याचा राग

कादंबरीकार धर्मपाल सर दर रविवारी अमरावतीला कथालेखनाचा वर्ग घेत. वर्गाचा एक नियम होता. गृहपाठावर कोणी नाव टाकायचं नाही. सर गठ्ठ्यातलं एकेक लेखन वाचत आणि मग सगळे मोकळेपणी बोलत. 'माणसं बोलतात तसं लिहा,' हे सरांचं आवडतं वाक्य.

त्या सकाळी त्यांच्या पत्नीनं, मैनाताईंनी, टेबल आवरताना सरांच्या नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण चुकून त्याच गठ्ठ्यात सरकवलं. वर्गात दोन ओळी वाचल्यावर सरांच्या ते ध्यानात आलं. थांबावं की काय? पण हेच प्रकरण उद्या पुण्याच्या प्रकाशकाकडे जाणार होतं. नाव न सांगता कौतुक ऐकायला मिळेल, या लोभानं ते खणखणीत वाचू लागले.

प्रकरणात वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याची दीपमाला नवऱ्याचं घर सोडताना म्हणते, "आता या वास्तूत मी क्षणभरही थांबणार नाही!"

वर्ग खो खो हसला.

"बाई तेल्हाऱ्याची आन रागावली पुन्यावानी?" आशाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेरच तेल्हाऱ्याचं. "आमच्याकडची असती त म्हनली असती, 'हे घे तुही चूल, चाल्ली मी!'"

"लेखकाचा काही विचार असेल," सर म्हणाले.

"इचार कायचा, भेव असन," रागिणी म्हणाली. "पुन्यातले हासतीन म्हून."

सरांचे कान लाल झाले. "अहो, भाषेला एक उंची असते!"

"तुमीच त म्हनता, बोलतात तसं लिवा," आशाबाई म्हणाल्या. "मंग आज याची बाजू कावून घेऊन राहिले? हाय तरी कोन हा?"

सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. शेवटी नजरा सरांवर येऊन थांबल्या. सरांनी पानं घाईनं गोळा केली. तेवढ्यात पहिल्या बाकावरचे वामनराव उठले. गृहपाठ कधी न आणणारे.

"म्या लिवलं," ते म्हणाले. "चुकलं."

वर्ग सुटल्यावर सरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "वामनराव, ते माझं होतं."

"अक्षर वळखलं ना, सर. तुमची फजिती होऊन राहिली होती, म्हून आंगावर घेतलं."

सरांनी त्यांचा हात धरला. "मी तुमच्यासाठी काय करू?"

"आशाबाई आमच्या शेजारीन. बायको घर सोडते अशी गोष्ट म्या लिवली, हे माह्याआधी घरी पोचन. मंडळीले काय सांगू, तेवढं लिवून द्या." दोन पायऱ्या उतरून ते वळले. "पन आपल्या बोलीत, सर. दीपमालावानी बोललो त तिले वाटन, पिऊन आलो."

सर तिथंच पायरीवर बसले. प्रकरणाचं पहिलं पान उलटं केलं, पेन काढलं.

"सांगा, वयनी रागावल्या म्हंजे काय म्हनतात?"