कुंकू लावलेला कंट्रोलर

सुरभीचा बेत इतका पक्का होता की घड्याळानंसुद्धा तिच्याकडे शिकवणी लावावी! आठ महिन्यांची अर्पिता दोन वाजता पाळण्यात झोपणार. सव्वादोनला यवतमाळच्या ऑनलाइन शिकवणीच्या ममता मॅडम कॅमेऱ्यावर येणार. वीस मिनिटांत पाचवीचे अपूर्णांक शिकवून दाखवायचे, आणि लेक उठायच्या आत नोकरी पदरात! बीएडचा दाखला दोन वर्षं कपाटात पडून होता. त्यात मॅडमनी बजावलं होतं, संधी एकदाच मिळेल.

दीर अक्षय ढाणकीला गेला होता, म्हणून मागच्या खोलीतला त्याचा कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर तिला मोकळा मिळाला. नवरा, रजत, पुढच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरवर कंट्रोलर घेऊन मित्रासोबत व्हिडिओ गेमची मॅच खेळणार होता.

"तोंडातून चकार शब्द काढणार नाही," त्यानं शपथ घेतली. ती त्यानं पाळलीही. शब्दाची गरजच पडली नाही!

"तर मुलांनो," सुरभीनं सुरुवात केली, "या कलिंगडाचे आपण चार समान भाग..."

पडद्यावरचं कलिंगड पळालं! त्याच्या जागी चित्र आलं पतंगाचं. तिनं मागं घेतलं. पतंग गेला, कलिंगड आलं, आणि बाण सुटल्यासारखी एकदम शेवटची पाटी: 'धन्यवाद!'

"संपलं?" ममता मॅडमनी चष्मा वर केला. "अजून दोन मिनिटंही झाली नाहीत."

सुरभीनं माऊस टेबलावर आपटला. मग त्यातले सेल काढले. तरी माऊसचा बाण पडद्यावर गोचीड चावलेल्या गोऱ्ह्यासारखा नाचतच राहिला! तिनं मनातल्या मनात नेटवाल्याचं खानदान धुऊन काढलं, तिथे नसलेल्या अक्षयला सतरा शिव्या घातल्या. रागानं तिच्या कानाच्या पाळ्या एवढ्या तापल्या की त्यावर पापड भाजला गेला असता.

"एक मिनिट हं, मॅडम," ती गोड आवाजात म्हणाली आणि पुढच्या खोलीत वाघिणीसारखी शिरली.

"अहो, काय करून राह्यले तुम्ही?"

"काहीच नाही!" रजत कंट्रोलरवर दोन्ही अंगठे रगडत होता. "मेलं वाटते हे. किती वेळचा दाबून राह्यलो, ढिम्म हलत नाही."

त्यानं एक बटण दाबलं. मागच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "सुरभीताई, तुमचं कलिंगड आलं!"

त्यानं दुसरं दाबलं.

"गेलं परत!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सुरभीच्या नजरेत ठिणग्या, रजतच्या नजरेत कलिंगड.

"हा कंट्रोलर अक्षयचा आहे!" ती कडाडली. "भिंतीपलीकडून त्याच्याच कॉम्प्युटरले जोडला गेला! त्याच्यावर लाल अन् तुमच्या कंट्रोलरवर निळी पट्टी होती ना? कुठं गेली?"

"मी काढली," सासूबाई, विमलताई, स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या. "परवा खंडेनवमीले विळे, खुरपे सारे घासले, तसे हे दोन्ही बी पुसले. लाल पट्टी, निळी पट्टी, कसं कळकट दिसे! मंग कुंकू लावलं."

"आई, कंट्रोलरची पूजा कायले?"

"मंग? दिवसभर तुमच्या हातात काय असते? वखर?"

"बंद करा ते!" सुरभी रजतवर ओरडली.

"होऊन नाही राह्यलं! कुंकू आत जाऊन बटण जाम झालं."

"सेल काढा!"

"याले सेल नसते. आतच बॅटरी असते."

तेवढ्यात पाळणा रडू लागला. सुरभीनं रजतच्या हातातून कंट्रोलर हिसकावला आणि मागच्या खोलीत धाडकन खुर्चीवर बसली. चित्रं बंद केली. आता नोकरी गेली ती गेलीच, निदान राग तरी पुरा काढू!

"हे पाहा!" तिनं कंट्रोलर कॅमेऱ्यासमोर नाचवला. "बटणं किती? चार! सासूबाईंच्या कुंकवानं जाम किती? एक! जाम झालेला भाग किती? एक छेद चार! चालू भाग? तीन छेद चार! आता दुसरं उदाहरण. आमच्या घरात भाऊ किती? दोन! खेळणारे किती? दोन छेद दोन, म्हणजे अख्खे! आणि वेळेवर कामाला येणारे किती? शून्य! शून्य छेद दोन म्हणजे किती, सांगा?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

"शून्य," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे छेदात तीन आहेत हो. नवरा आणि दोन मुलगे. अंश तोच. सोमवारपासून या, आणि अगदी असंच शिकवा."

कॅमेरा बंद झाल्यावर सुरभीनं कंट्रोलर टेबलावर ठेवला. तिनं मागं वळून पाहिलं. दारात रजत उभा होता. अर्पिताला खांद्यावर घेऊन, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत, अजिबात आवाज न करता. लेक त्याच्या मानेत तोंड खुपसून पुन्हा झोपली होती. किती वेळ असा उभा होता, कोण जाणे!

सुरभीचा राग दुधाच्या उतासारखा खाली बसला. आपण जरा जास्तच बोललो की काय! मनातल्या मनात तिनं हिशोब सुधारला. अंश एक. एक छेद दोन.

"अवो," रजत हळूच कुजबुजला, "झालं असंल तर द्या ना तो कंट्रोलर. मॅच राह्यली."

अंश पुन्हा शून्य.