पाहिजे : न बसणारा सीईओ

माणसं निवडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आमचा जावई, आमचा डॉक्टर, आमचा प्लंबर, तिघेही माझ्याच पसंतीचे. त्यांतला प्लंबर तर अजूनही आमच्याकडे येतो!

त्यामुळे ताईच्या फुटबॉल क्लबातला सीईओ नोकरी सोडून गेला, तेव्हा मी म्हटलं, "नवा मी आणून देतो. तू निवांत राहा."

"कसली निवांत!" ताई कडाडली. "स्पॉन्सर म्हणतोय, शनिवारपर्यंत सीईओ नेमा, नाहीतर करार रद्द. करार गेला की क्लबला कुलूप!"

"मग अडलंय कुठे?"

"पोरांपाशी!"

पोरं म्हणजे तिचे खेळाडू. गुणतक्त्याच्या तळाशी त्यांनी कायमचं बिऱ्हाड थाटलं होतं. पण सीईओ गेला, त्याची खुर्ची रिकामी पडली, आणि पोरं चक्क जिंकू लागली! झालं! सामन्याआधी अख्खा संघ रांगेनं त्या खुर्चीला हात लावून मैदानात उतरू लागला. सफाईवाल्या मावशींना तिच्यावरची धूळ पुसायचीही बंदी!

त्यांचा पुढारी गोलकीपर. कपाटाला हातपाय फुटावेत तसा देह! त्यानं मला दारातच गाठलं.

"काका, सीईओ खुशाल आणा. पण त्या खुर्चीत कोणी बसलं, तर आम्हीही बसू. घरी!"

म्हणजे शोधायचा तो न बसणारा सीईओ! पहिल्या उमेदवाराला मी सरळच विचारलं, "आपल्याला बसायची सवय कितपत आहे?"

गृहस्थ चपापले. "फारशी नाही हो. शनिवारी, मित्रांबरोबर, थोडीशी..."

दुसऱ्यानं छाती फुगवली. "मी ऑफिसात बसतच नाही! म्हणून तर मागच्यांनी काढलं."

मग तिसऱ्या एक बाई आल्या. एक मोठं हॉस्पिटल चालवलेल्या, आणि नजर अशी, की दारात पहारा देणाऱ्या गोलकीपरनं तोंडातलं च्युइंगगम गिळलं.

"बसा ना," मी खडा टाकून पाहिला.

"नको. पाठीचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बसायला मनाई केलीय. मी उभ्यानंच काम करते. चालेल?"

"चालेल? अहो, धावेल!"

शनिवारी सामन्याआधी स्पॉन्सर फोटोग्राफरला घेऊन हजर झाला. एक बारीकशी गोष्ट ताई मला सांगायला विसरली होती. स्पॉन्सरचा कारखाना खुर्च्यांचा होता! ती रिकामी खुर्चीसुद्धा त्याच्याच कारखान्यातली.

"मॅडम, बसा. एक मस्त फोटो काढू."

"मला मनाई आहे."

"कुणीच बसायचं नाही!" गोलकीपर खुर्चीसमोर आडवा झाला. "बसलं की आम्ही हरतो!"

स्पॉन्सर लालबुंद. "आमच्या खुर्चीत बसलं की हार होते, ही जाहिरात मी माझ्याच पैशानं करू? आवरा रे कॅमेरा!"

तो दाराकडे वळला. त्याच्याबरोबर क्लबही निघाला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाढे पाठ करायला बसवताना पाहायची ना, अगदी तस्सं.

"ए, बस!"

साठी उलटलेला माणूस मी, पण गुडघे आपोआप वाकले. कॅमेरा चमकला!

"वा! चेहरा कसा अनुभवी आहे!" स्पॉन्सर खूश. करार शाबूत!

गोलकीपर भिंतीला डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "वाट लावलीत, काका!"

मी उठायला लागलो.

"आता उठून काय उपयोग? राहा बसून!" असं म्हणून तो घरी जायला निघाला. मॅडमनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो मुकाट्यानं मैदानाकडे वळला.

तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी तिथेच बसून राहिलो. बाहेर नुसता गलका. सामना संपला आणि गोलकीपर चिखलानं बरबटलेला आत शिरला. मी डोळे मिटले. त्याचा भलामोठा पंजा माझ्या टकलावर अलगद टेकला.

"चार गोलांनी जिंकलो, काका! रिकाम्या खुर्चीपेक्षा तुम्ही भारी!"

तेव्हापासून अख्खा संघ रांगेनं माझ्या टकलाला हात लावून जातो. मॅडम मैदानाच्या कडेला उभ्या राहून क्लब झकास चालवतात. मी सामनाभर खुर्चीत. समोरच्या खिडकीतून पार्किंग दिसतं, बाकी काही नाही. आत्तासुद्धा बाहेर जोराचा गलका झाला, म्हणून मी बायकोला फोन लावला. ती माझ्या पासवर पहिल्या रांगेत बसलीय.

"अगं, गोल कोणी मारला?"

"अहो, नंतर सांगते. तुम्ही अजिबात हलू नका!"

फोन बंद. आता तुम्हाला म्हणून सांगतो, मला मध्यंतरापासून बाथरूमला जायचंय!