माशाचा उपवास

आप्पा भेटले की आधी तोंडाकडं नाही, नाकाकडं बघतात. नाक ओलं असलं तर जनावर ठणठणीत, कोरडं असलं तर ताप. गुरांच्या दवाखान्यात उभा जन्म गेल्यामुळं ही तपासणी ते माणसांनाही लावतात. गेल्या थंडीत मला अशी सर्दी झाली होती की रुमाल पुरेना. आप्पांनी लांबूनच निरखलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "काळजी करू नगा सूनबाई. नाक वलं हाय. झकास हाय गडी."

आप्पांचा सरकारी हुद्दा होता 'व्रणोपचारक', म्हणजे जनावरांच्या जखमा बांधणारा. तो कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून परंड्याकडच्या वाड्यावस्त्यांनी त्यांना परस्पर डॉक्टर करून टाकलं. रिटायर झाल्यावर ते इथं तुळजापुरात मुलाकडं आले. मुलाचं घर आमच्या लॉजच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर. "गल्लीत गाय न्हाय, म्हैस न्हाय. नुसती माणसं!" ही त्यांची कायमची तक्रार.

आता माझा पराक्रम. लॉजच्या काउंटरवर शोभा म्हणून मी काचेची टाकी आणली आणि तीत एक सोनेरी मासा सोडला. बायकोनं, मंगलनं, त्याचं नाव सोन्या ठेवलं. सोलापूरच्या बसनं आलेले भाविक खोलीची चावी घेता घेता सोन्याला काहीबाही घालायचे. पेढ्याचा कण, पुरणपोळीचा तुकडा, लाह्या. देवीच्या दारातला मासा, त्याला रिकाम्या हातानं कसं बघायचं? मीही कौतुकानं म्हणायचो, "घाला, घाला. बाळसं धरतोय."

एका मंगळवारी सकाळी ते बाळसं उलटं झालं. सोन्या पोट वर करून तरंगत होता. खाली जायला धडपडायचा आणि बुचासारखा परत वर यायचा. एक आजोबा हात जोडून म्हणाले, "शीर्षासन घालतोय जणू!" मंगलनं मात्र माझ्याकडं बघितलं. "ह्याचं काही बरंवाईट झालं ना, तर त्याच टाकीत तुम्हाला सोडीन."

मी आप्पांना हाक मारली.

आप्पा आले, हात धुतले, चष्मा पुसला, टाकीवर वाकले आणि तसेच थांबले. 

"काय झालं, आप्पा?"

"आरं, ह्याचं नाक सदाचंच वलं! वळखायचं कसं?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि दुपार कलेपर्यंत सोन्याकडं बघत बसले. मग एकदम विचारलं, "शेण कवा टाकलं हुतं?"

लॉजच्या धंद्यात नाही नाही ते प्रश्न ऐकले आहेत, हा नवा होता. मी आठवून सांगितलं की अलीकडं टाकीत तसं काही दिसलं नाही खरं.

"मग पोटफुगी हाय. गव्हाच्या ढिगात तोंड घातलेल्या बैलाला हुती तशी. उपाशी ठिवा. कण बी द्यायचा न्हाय."

बैलाला त्यांनी तेल पाजून रस्त्यानं फिरवलं असतं. इथं ते कसं जमवावं, याचा विचार त्यांच्या तोंडावर दिसायला लागला, तशी मंगलनं तेलाची बाटली आत नेऊन ठेवली. मी मोबाइलवर वाचून सांगितलं की उपवासानंतर उकडलेला वाटाणा सोलून द्यायचा असतो.

"मोबाइलनं कंदी म्हैस व्याली का?" आप्पा फिस्कारले. पण वाटाण्यावर जरा विरघळले. "हिरवा चारा हाय म्हणा की. चालंल. पर आदी पोट रिकामं हू द्या."

राहिले भाविक. मी वळणदार अक्षरात पाटी लिहून टाकीला लावली, 'माशाचा उपवास आहे', आणि निश्चिंतपणे भाजी आणायला गेलो. परत येतो तर पाण्यावर साबुदाणे. बार्शीच्या एक बाई डब्याचं झाकण लावत होत्या.

"अहो, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की! म्हणून तर खिचडी घातली. उपासाचीच हाय," त्या मला समजावू लागल्या. त्यांच्यामागं एक गृहस्थ राजगिऱ्याचा लाडू हातात घेऊन उभे होते.

सोन्या आणखी फुगला. आता तर धडपडतही नव्हता.

आप्पा मला सोलून काढतील असं वाटलं. त्यांनी फक्त पाटी उतरवली, चहाच्या गाळणीनं साबुदाणा काढला आणि स्टूल टाकीच्या पुढ्यात घातलं. "आता म्या हाय," एवढंच म्हणाले.

मग ते लॉजचं दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर व्हायला लागले. पेढा घेऊन कुणी पुढं आलं की गरजायचे, "मागं सरका, पेशंट हाय!" आणि कुणी बघत नाहीसं पाहून काचेला तोंड लावून पुटपुटायचे, "हां, माज्या राजा. हां, लेका. जाऊ नगंस."

शेवटी वाटाण्याची वेळ आली. आप्पांनी तो चिमटीत चुरून पाण्यात सोडला. सोन्यानं आडव्यानंच एक कण ओढला.  दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत आप्पा ओरडले, "टाकलं! शेण टाकलं!" चावीसाठी उभी मंडळी आधी दचकली. मग गोष्ट आनंदाची आहे एवढं कळल्यावर कुणीतरी "आई राजा उदो उदो" केलं आणि सगळा लॉज दणाणला. संध्याकाळी सोन्या पोट खाली, पाठ वर असा, माशासारखा पोहत होता.

आप्पांनी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, हात धुतले, "बरं हाय आता" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते फिरकलेच नाहीत. एका सकाळी मंगलनं मला खिडकीशी बोलावलं. आप्पा समोरच्या जिन्यावर बसून आमच्या दाराकडं बघत होते. मी बाहेर गेलो. "आप्पा, या की आत. चहा घेऊ."

ते ताडकन उठले. "परत फुगला?"

"नाही हो. मजेत आहे."

"मग कोण आजारी हाय?"

"कुणीच नाही."

आप्पा गोंधळले. "न्हाय, म्हंजी... बिगर आजाराचं कुणी बलवत न्हाय मला. जनावर बरं झालं की आपलं काम सरलं. लोकं बी बलवत न्हायती, आपून बी जात न्हाय."

"आज चहाला बोलावलंय."

"नुसतं च्याला?"

"नुसतं चहाला."

त्यांनी दारात पायताण काढलं, भिंतीला नीट लावून ठेवलं आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकले. मंगलनं आतून विचारलं, "आप्पा, साखर किती घालू?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. हे त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. मग खुर्चीत जरा मागं सरकून बसले.

"घाला सावकाश, सूनबाई," ते म्हणाले. "मला कुठं जायचं न्हाय."