बायजाआजीचा मोतीबिंदू आणि टोपलीभर जवळा

"माणसाच्या मनात शिरायचं ना, तर त्याच्या संस्कृतीच्या दारातून शिरायचं!" आसावरीने टेबलावर हात आपटून जाहीर केलं. डोंबिवलीची ही समाजसेविका नुकतीच 'विविध समाजांशी संवाद' या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. आता तिला कोण अडवणार?

प्रश्न खाडीकाठच्या बाळकुम गावातल्या बायजाआजीचा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, परवाच पायरी चुकून आपटलेली, तरी ऑपरेशनला साफ नकार! आसावरी दोनदा गेली, दोनदा "डोले कापनारी आली!" म्हणून आजीने दार लावलं. मोफत शिबिराची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. म्हातारी आंधळी होईल, या विचाराने आसावरीचा जीव खरंच तुटत होता. स्वतःच्या हुशारीबद्दल मात्र तिला कसलीच शंका नव्हती.

"मॅडम, ते लुगडं-बिगडं नको, साध्या जा ना," सहकारी संदेश म्हणाला. "मी आजीच्याच आळीतला. आमच्याकडे आता तरण्या पोरी कुठे लुगडी नेसतात?"

"तुझा अनुभव मर्यादित आहे, संदेश!"

आसावरीने लुगडं नेसलं, अबोलीचा गजरा माळला आणि भेट म्हणून नाक दाबून टोपलीभर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, घेतला.

ओट्यावरच्या आजीला धूसर लुगडं दिसलं आणि वास तर गल्लीभर आलेलाच होता.

"आजे, जवला आनलाय गो!" पाठ केलेल्या बोलीत आसावरी म्हणाली.

"इकरं ये, उतरव टोपली. ताजा हाय ना?"

"एकदम ताजा!"

संवाद सुरू झाला! आजीने घासाघीस केली, आसावरीने मान डोलावली. शेजारणी ताटं घेऊन धावल्या. केवढा हा लोकसहभाग! आजीने हातात पैसे कोंबले. दिलेलं नाकारू नये, हे प्रशिक्षणात शिकवलेलंच होतं. पंधरा मिनिटांत टोपली रिकामी झाली. आता ऑपरेशनचा विषय काढायचा, तेवढ्यात आतून सून शकू ओरडली, "आये, यात निम्मी रेतीच हाय!"

"फसवला गो मना! धरा तिला!"

संस्कृतीचं दार तिथेच बंद झालं. लुगड्याचा घोळ पोटाशी धरून आसावरी रिक्षापर्यंत पळाली. ऑफिसात येऊन ड्रेस चढवला आणि चक्क रडली. आपल्या दीडशहाणपणापायी म्हातारीचे डोळे जाणार!

पाच वाजता संदेशचा हात धरून बायजाआजी दारात हजर!

"अंगठा कुठं करू? आंधली बघून कोन पन रेती इकून जातंय!"

"इथे करा, आजी," म्हणत आसावरीने फॉर्म पुढे केला.

"तू डोले कापनारी ना?" आवाजाच्या रोखाने आजी म्हणाली. "तू गुनाची गो. दोनदा येऊन सांगितलंस, मीच आयकला नाय. डोले येऊं देत, पयली त्या जवलेवालीला शोधून कारते!"

"मॅडम," संदेश गंभीरपणे म्हणाला, "पट्टी काढायच्या दिवशी आजींसोबत तुम्हीच थांबा ना."

आसावरीने त्या दिवसाच्या रजेचा अर्ज तिथल्या तिथे लिहिला.